स्वभावाला औषध नाही, म्हणे

घरातल्या कुठल्याही कटकटीवरची चर्चा आपल्याकडे फिरून फिरून एकाच मुक्कामाला पोचते. धाकटा हट्टी आहे, थोरली आळशी, सासरे तापट, नवरा घुमा. मग कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, "जाऊ दे, स्वभावाला औषध नाही." चहाचे कप उचलले जातात आणि विषय मिटतो. तो जिथे मिटतो तिथून हे पुस्तक सुरू होतं.

'हट्टी आहे' म्हणजे नेमकं काय, ते जरा खोदून विचारून पाहा. हट्टी कशावरून? हट्ट करतो यावरून. आणि हट्ट का करतो? हट्टी आहे म्हणून. वर्तनाला नाव ठेवलं की आपल्याला कारण सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पाहिलेलीच गोष्ट आपण पुन्हा एकदा सांगितलेली असते. वर्तनविश्लेषण या शास्त्राने हा फेरा सोडून दिला आणि दोन साधे प्रश्न हातात घेतले: माणसाने अमुक केलं त्याच्या लगेच आधी काय घडलं, आणि लगेच नंतर काय घडलं? बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं यांच्यावरच्या प्रयोगांतून हे प्रश्न पक्के केले. १९३८ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ आला आणि १९५३च्या 'सायन्स अँड ह्यूमन बिहेवियर'मध्ये त्यांनी तीच तत्त्वं माणसांच्या व्यवहाराला लावून दाखवली. एखाद्या कृतीनंतर जे घडतं त्यामुळे ती कृती पुढे वाढत असेल, तर त्या घडण्याला प्रबलन म्हणायचं. इथे हेतू कुणाचा काय होता याला महत्त्व नाही. आपण रागावलो आणि वर्तन वाढलं, तर आपलं रागावणं हेच प्रबलन झालं.

शेवटचं वाक्य पचायला जड जातं, म्हणून त्याची एक गोष्ट सांगतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात वेबर्न नावाच्या गावी एक मोठं मनोरुग्णालय होतं. तिथल्या कामावर टेओडोरो आयलन आणि जॅक मायकेल यांनी १९५९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका रुग्ण बाईची हकिगत आहे. ही बाई परिचारिकांच्या खोलीत सारखी घुसायची, दिवसातून सरासरी १६ वेळा. दोन वर्षं हे चाललं होतं. परिचारिका रागावून पाहत, दंडाला धरून परत वॉर्डात नेऊन सोडत, आणि ती पुन्हा हजर. शेवटी त्यांनी नाद सोडला होता. बाईच्या कागदपत्रांवर मतिमंदत्वाचा शिक्का होता, तेव्हा तिला समजतच नाही, हे कारण सगळ्यांना पटलेलं. आयलन आणि मायकेल यांनी परिचारिकांना एवढंच सांगितलं की ती आली की काही म्हणजे काही करायचं नाही. बोलायचं नाही, बाहेर काढायचं नाही, फक्त खेप मोजायची. सातव्या आठवड्यापर्यंत १६ खेपांच्या दोन झाल्या.

जिला काही समजत नाही असं दोन वर्षं धरून चाललं होतं, तिला एक गोष्ट चोख समजली होती. त्या खोलीत गेलं की कुणीतरी आपल्याकडे बघतं, बोलतं, निदान दंड तरी धरतं. ओसाड वॉर्डात तेवढंही मोलाचं असतं. आज असं काम कुणी केलं तर पुढचा प्रश्न लगेच विचारला जाईल, आणि विचारलाच पाहिजे: खोलीतलं बोलणं बंद केलंत, मग तिची बोलण्याची भूक भागवण्याची दुसरी वाट कुठे काढलीत? १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी या प्रश्नाचं उत्तर कामातून दिलं. विकासात अडचणी असलेली काही मुलं वर्गात आरडाओरडा, मारझोड करत. ती हे कशासाठी करतात, ते या दोघांनी आधी शोधलं. काही मुलांना लक्ष हवं होतं, काहींना अवघड कामातून सुटका हवी होती. मग 'मी नीट करतोय ना?' किंवा 'मला हे कळत नाही' असं म्हणायला त्यांना शिकवलं. ज्याला जे हवं होतं ते मागायला सोपे शब्द मिळाल्यावर आरडाओरड्याचं काम उरलं नाही. या शास्त्राचं सगळ्यात माणुसकीचं रूप मला इथे दिसतं.

आता हेच आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानात पाहू. चार वर्षांचा मुलगा बरणीकडे बोट दाखवतो. आई नाही म्हणते. तो पदर ओढतो. आई पुन्हा नाही म्हणते, जरा जोरात. तो भोकाड पसरतो, दुकानातली चार माणसं वळून बघतात, दुकानदार 'द्या हो वहिनी' म्हणतो, आणि आई पाच रुपयांचं पाकीट त्याच्या हातात कोंबते. क्षणात शांतता. मुलगा काय शिकला ते उघड आहे: पदर ओढून मिळत नाही, भोकाड पसरून मिळतं. पण शिकवणी दोन्हीकडून चालू असते. आईच्या हातून पाकीट सुटलं आणि लोकांच्या नजरांचा जाच थांबला, म्हणजे पाकीट देणं हे आईचं वर्तनही त्याच क्षणी पक्कं झालं. मुलगा आईला घडवतो आहे, आई मुलाला, आणि दोघांनाही पत्ता नाही. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून असे हजारो क्षण टिपले आणि १९८२ साली या परस्परांच्या फासाचं सविस्तर वर्णन लिहिलं. आईने दर वेळी पाकीट दिलं असतं तर परवडलं असतं, असं म्हणायची पाळी येते. कधी द्यायचं आणि कधी नाही द्यायचं, यातून हट्ट अधिक चिवट होतो. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर लोकांना तो इतका जडलाच नसता.

म्हणून 'लक्ष देऊ नका' हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला कर्मकठीण आहे. सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली एका पावणेदोन वर्षांच्या मुलाची हकिगत जेमतेम एका पानात लिहिली. तो आधी बराच आजारी होता, सगळे त्याच्या उशाशी बसून असत. बरा झाल्यावरही झोप लागेपर्यंत कुणी तरी खोलीत लागे, नाहीतर आकांत. आईवडिलांनी ठरवलं की त्याला प्रेमाने निजवायचं, दार लावायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या रात्री तो ४५ मिनिटं रडला. दहाव्या खेपेपर्यंत कुरकूरही राहिली नाही. मग आठवडाभराने एका रात्री निजवायची पाळी त्याच्या आत्या किंवा मावशीवर आली. तो रडला, तिला राहवलं नाही, ती आत गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. आपल्या घरांत ही भूमिका आजीकडे असते आणि आजी ती मनापासून वठवते. त्यामुळे या पुस्तकातली मुलांविषयीची प्रकरणं वाचताना सगळ्या घराने एकत्र बसून वाचावीत. एकट्या सुनेने वाचली तर तिच्या वाट्याला फक्त वाद येईल. आणखी एक इशारा इथेच देऊन ठेवतो. मिळणारं बंद झालं की वर्तन कमी होण्याआधी कधीकधी एकदा उसळी मारतं. चौथ्या दिवशी मूल कधी नव्हे इतकं रडलं तर उपाय फसला असं समजून बहुतेक लोक तिथेच माघार घेतात, आणि नेमक्या त्याच उसळीला बक्षीस देऊन बसतात. मूल आजारी असेल, घाबरलेलं असेल, तर यातलं काहीही करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

या शास्त्राचं नाव निघालं की लोकांना उंदीर, मनोरुग्ण आणि हट्टी मुलं आठवतात. मला मात्र त्याची गोडी लागली ती इझ्रायल गोल्डायमंड यांच्यामुळे. १९६५ साली त्यांनी लिहिलेला एक निबंध चारचौघांच्या अडचणींविषयी आहे: वाढलेलं वजन, न होणारा अभ्यास, नवराबायकोतला अबोला. त्यांच्याकडे आलेला एक नवरा रुसून बसायचा आणि तासन्‌तास बाहेर यायचाच नाही. 'रुसू नका' असं गोल्डायमंड म्हणाले नाहीत. ते म्हणाले, पोटभर रुसा, फक्त जागा ठरवून घ्या. गॅरेजमध्ये एक स्टूल ठेवायचं. राग आला की तिथे जाऊन बसायचं, हवं तितकं पुटपुटायचं, झालं की घरात यायचं, आणि रोज किती वेळ बसलो ते लिहायचं. रुसण्याचा वेळ घटत गेला.

आपल्याकडे रुसण्यासाठी स्वतंत्र जागा रामायणापासून आहे. कैकेयी कोपभवनात गेली तेव्हा दागिने उतरवून जमिनीवर पडली, आणि दशरथ धावत आला. कोपभवन चालतं ते राजा येतो म्हणून. गोल्डायमंड यांच्या स्टुलाची गंमत अशी की तिथे कुणी येत नाही. रुसण्याला प्रेक्षक नाही, मनधरणी नाही, आणि दिवाणखान्यातली सोफ्याची खुर्ची, जेवणाचं टेबल, पलंग यांच्याशी रुसण्याचं जुळलेलं नातंही तुटतं. घर पुन्हा घर होतं.

त्याच निबंधातल्या एका विद्यार्थिनीला टेबलाशी बसलं की झोप यायची. तिला सांगितलं गेलं की टेबल पलंगाकडे पाठ होईल असं फिरवून घ्यायचं आणि दिव्याला जास्त उजेडाचा बल्ब लावायचा. पत्र लिहायचं असेल तर खुशाल लिहावं, पण जेवणघरात जाऊन. दिवास्वप्नं पाहायची असतील तर खोलीबाहेर. टेबलाशी फक्त अभ्यास. पहिल्या आठवड्यात ती टेबलाशी अवघी दहा मिनिटं टिकली, पण ती दहा मिनिटं अभ्यासाचीच होती. सत्र संपेपर्यंत ती रोज तीन तास बसू लागली. मनाचा निग्रह, एकाग्रता, चिकाटी या शब्दांचा तिच्यापुढे कुणी उच्चारही केला नाही. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला स्वतंत्र टेबल कुठून आणायचं, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर टेबलात नाही. एक ठरावीक सतरंजी, ठरावीक कोपरा, ठरावीक वेळ यांनी तेच काम होतं, अट एवढीच की त्या सतरंजीवर जेवण, मोबाइल आणि लोळणं होता कामा नये.

शिक्षेबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आपली पहिली धाव तिकडेच असते. गणिताच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाला सर वर्गाबाहेर उभं करतात. गणित नकोच होतं, ते गेलं. बाहेर वारा आहे, व्हरांड्यातून जाणारी येणारी माणसं आहेत. उद्याही तो दंगा करणार. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, तेव्हा अनेक शिक्षकांनी प्रामाणिकपणे विचारलं की मग करायचं तरी काय? तो प्रश्न टोलवून लावण्यासारखा नव्हता, पण त्यांना उत्तर देण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्यासाठीच राखून ठेवलं आहे.

शिक्षेचा खरा पराक्रम पाहायचा तर पुण्याच्या रस्त्यावर उभं राहावं. पुणेकर हेल्मेट वापरत नाहीत हा आरोप खोटा आहे. वापरतात, कोपरात अडकवून, आरशावर टांगून, मागे बसलेल्याच्या मांडीवर देऊन. चौकात पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली की ते डोक्यावर चढतं, चौक ओलांडला की उतरतं. दंडाने हेल्मेट घालायला शिकवलं नाही, पोलीस ओळखायला शिकवलं. याला पुणेरी तऱ्हा म्हणून हसून सोडता येईल, पण हिशेब मांडून पाहा. हेल्मेट घातलं की उकाडा, केस चपटे, उतरल्यावर ते कुठे ठेवायचं ही पंचाईत, आणि हे सगळं रोज, ताबडतोब. फायदा मात्र अपघात झाला तरच, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कधीच अनुभवाला न येणारा. हेल्मेटशिवाय सुखरूप घरी पोचलेली प्रत्येक फेरी हेल्मेट न घालण्याला बळ देते. इतक्या उलट्या हिशेबावर मृत्यूच्या आकडेवारीचे फलक लावून मात करता येत नाही.

बक्षिसांचं तरी काय होतं? २००३ साली केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. उघड्यावरची हागणदारी संपवणाऱ्या ग्रामपंचायतीला एकरकमी बक्षीस. आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आधीच वातावरण तापवलेलं होतं, त्यामुळे पुरस्कार घेण्यात महाराष्ट्रातली गावं देशात आघाडीवर राहिली. पहाटे शिट्ट्या फुंकत फिरणारी गुड मॉर्निंग पथकं अनेकांना आठवत असतील. नंतरच्या पाहण्यांत मात्र दिसलं की पुरस्कार मिळालेल्या कितीतरी गावांत लोक पुन्हा बाहेर जाऊ लागले होते आणि काही संडासांत सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या होत्या. लोक अडाणी, सवय जाता जात नाही, हे ठरलेलं स्पष्टीकरण तेव्हाही ऐकू आलं. वर्तनविश्लेषक वेगळं विचारेल. बक्षीस मिळालं ते गावाला, एकदाच, आणि संडास बांधून वापरात आल्याच्या दाखल्यावर. रोज पहाटे गावातल्या बाईला काय मिळत होतं? लांबून डोक्यावर आणलेल्या पाण्यातलं बादलीभर पाणी खर्च, खड्डा भरला तर उपसायचा कुणी ही धास्ती, आणि बायकांबरोबर बोलत जाण्याची दिवसातली एकमेव मोकळी वाट बंद. जिथे नळ दारात आला तिथे संडास वापरायला सांगावं लागलं नाही, असं अनेक गावांत दिसतं. बक्षीस वाईट नसतं, ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी दिलेलं असतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: म्हणजे मुलांना लालूच लावायची? लाच आणि प्रबलन यांतला फरक किराणा दुकानात दिसलाच. रडणं थांबावं म्हणून रडत असतानाच दिलेलं पाकीट ही लाच; हवं ते वागणं घडल्यावर मिळालेलं आणि ते वागणं वाढवणारं काही, हे त्याचं प्रबलन. पण आक्षेपात तथ्य अजिबात नाही असंही नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायची आधीच गोडी होती, त्यांतल्या काहींना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. या प्रयोगाच्या अर्थावरून आजही भांडणं आहेत. घरापुरता मी त्यातून एवढाच नियम घेतो की जे मूल आपण होऊन पुस्तक उघडतं त्याच्या पुस्तकावर चॉकलेट ठेवू नये. पाढ्यांच्या वाटेलाही न जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी.

या शास्त्राच्या इतिहासात लाज वाटावी अशी पानंही आहेत, आणि ती झाकून प्रस्तावना लिहिणं मला जमणार नाही. १९६०च्या दशकात ओले इवार लोवास यांच्या कॅलिफोर्नियातल्या कामात स्वमग्न मुलांना विजेचे झटके दिले गेले, थपडा मारल्या गेल्या. पुढे १९८७ साली त्यांनी आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीचे गाजलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगभर तो उपचार पसरला. त्यातून गेलेली काही मुलं आज मोठी झाली आहेत आणि बोलू लागली आहेत. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला हात हलवू नका, डोळ्यांत बघा, हे शिकवलं ते आमच्यासाठी नव्हतं, तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून होतं. हे ऐकून घेणं भाग आहे. कुणाचं वर्तन बदलायचं, ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न तंत्राच्या आधी येतो. मॉन्ट्रोस वुल्फ यांनी १९७८ साली शास्त्रज्ञांनाच बजावलं होतं की उद्दिष्ट योग्य आहे का, पद्धत मान्य आहे का आणि परिणामावर समाधान आहे का, हे ज्यांच्यावर उपाय करता त्यांना विचारा. हेच वुल्फ दहा वर्षं आधी डोनाल्ड बेअर आणि टॉड रिस्ली यांच्यासह उपयोजित वर्तनविश्लेषणाची पायाभूत मांडणी करणाऱ्यांत होते. सासूने सुनेचं वर्तन बदलण्यासाठी हे पुस्तक विकत घेतलं असेल, तर वुल्फ यांचे तीन प्रश्न तिने आधी सुनेला विचारावेत. उलटही तितकंच खरं.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. झोप, जेवण, अभ्यास, पसारा, उशीर, मोबाइल, अबोला, सोसायटीच्या जिन्यातला कचरा, म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या वेळा. म्हातारपणातल्या अशा अडचणींवर स्किनर स्वतःच्या उतारवयात उत्साहाने लिहीत असत. पाऊस येणार असं ऐकलं की छत्री तेव्हाच दाराच्या कडीला अडकवून टाका, आठवणीवर भरवसा ठेवू नका, हा त्यांचा सल्ला १९८३च्या पुस्तकातला आहे. जिथे मारहाण आहे, व्यसन जिवावर बेतलं आहे, कुणी जीव द्यायची भाषा करतं आहे, तिथे हे पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

पहिलं प्रकरण नखं खाण्याचं आहे. ते पहिलं ठेवण्याचं कारण असं की तिथे बदलायचं वर्तन वाचकाचं स्वतःचं असतं, दुसऱ्या कुणाला सुधारायचा मोह त्यात नाही. नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांची १९७३ सालची पद्धत तिथे पायरीपायरीने दिली आहे: हात तोंडाकडे निघाला की ओळखायचं, आणि नखं खाताच येणार नाहीत अशी दुसरी कृती करायची, उदाहरणार्थ मूठ मिटून काही मिनिटं धरून ठेवायची. पण मूठ मिटायची ती दुसऱ्या आठवड्यात. पहिला आठवडा खिशात मावणारी वही घेऊन फक्त मोजायचं: किती वेळा, कुठे बसलेले असताना, समोर काय चालू होतं. काही बदलायचं नाही, स्वतःला रागवायचंही नाही. वहीची रिकामी पानं प्रकरणाच्या शेवटी जोडली आहेत. नखं खाण्याची सवय नसेल त्यांनी, आपण मोबाइल विनाकारण किती वेळा उचलतो, ते त्याच पानांवर मांडायला हरकत नाही.